लाकडी टॉप, लोखंडी सांगाडा आणि मधला सांधा: एका टेबलाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील वस्तू साधी होती. सागवानाच्या सहा फळ्या कडेने जोडून केलेला १५०० मिमी लांब, ७६० मिमी रुंद आणि ३० मिमी जाड टॉप, आणि त्याखाली ५० मिमी चौकोनी लोखंडी पाइपच्या दोन बंद चौकटींचा सांगाडा, असे ते जेवणाचे टेबल होते. टॉप मी केला आणि सांगाडा माझ्या एका सहकाऱ्यांनी केला, ज्यांचा लोखंडकामातला हात माझ्या सुतारकामापेक्षा जुना आहे. हवेत दमटपणा असतानाच्या दिवसांत टेबल पूर्ण होऊन ग्राहकाकडे गेले. पाचव्या महिन्यात, हवा कोरडी होऊन काही आठवडे लोटल्यावर, टॉपला एका टोकाला चीर पडल्याचा निरोप आला.

टेबल परत आणून उजेडात पाहिले तेव्हा एका चिरेऐवजी चार तक्रारी समोर आल्या. चीर आडव्या टोकापासून सुरू होऊन लाकडाच्या रेषेने २६० मिमी आत गेली होती आणि टोकाशी तिची रुंदी २.५ मिमी भरत होती. चौथ्या आणि पाचव्या फळीच्या सांध्याजवळून ती गेली होती, मात्र सगळी सांध्यातून गेली नव्हती. दोन चौकटींच्या मधल्या भागात टॉपचा मध्य ३ मिमी वर उचलला गेला होता. खालच्या अंगाला प्रत्येक स्क्रूभोवती काळसर वर्तुळ उमटले होते. शिवाय टेबलाला लांबीच्या दिशेने धक्का दिला की ते किंचित डुलत होते, जे पहिल्या दिवशी निश्चितच होत नव्हते.

लाकूड ओले वापरले असावे, हा ग्राहकाचा पहिला तर्क होता आणि माझ्या सहकाऱ्यांनाही तो पटला. मला मात्र चौकटीचा संशय होता. वेल्डिंग थंड होताना पाइप ओढला जातो, चौकट पिळते, आणि अशा पिळलेल्या चौकटीवर सपाट टॉप स्क्रूने आवळला की तो कायमच्या ताणाखाली राहतो. दोघांनीही एकमेकांच्या कामाकडे बोट दाखवले होते, म्हणून दोन्ही शंका मोजमाप करूनच निकाली काढायच्या असे ठरवले.

चौकट आधी तपासली, कारण ते सोपे होते. चौकटीचे बाहेरचे माप ६४० बाय ७१० मिमी असल्याने दोन्ही कर्ण ९५६ मिमी भरायला हवेत. दोन्ही चौकटींत फरक एका मिलिमीटरच्या आत निघाला. सपाट फरशीवर ठेवल्यावर चारही कोपरे टेकले आणि वरच्या पट्टीवर सरळ धार ठेवली असता खालून उजेड दिसला नाही. सहकाऱ्यांनी चारही कोपऱ्यांना आधी फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारले होते, कर्ण मोजून घेतले होते आणि मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरले होते. २ मिमी जाडीच्या पाइपवर एकाच कोपऱ्यात सलग उष्णता दिली असती तर हे जमले नसते. माझा संशय चुकीचा होता, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

लाकडाच्या ओलाव्याची तपासणी अधिक नाजूक होती, कारण टेबल करताना मी ओलावा मोजला नव्हता. ही माझी चूक. पण टेबल पाठवताना वाहतुकीसाठी टॉपचे वेगळे वजन केले होते आणि ते २२.४ किलो असे वहीत लिहिलेले होते. आता तोच टॉप काट्यावर २१.५ किलो भरला. टोचून मोजणाऱ्या मीटरने या वेळी वेगवेगळ्या फळ्यांत ८ ते ९ टक्के ओलावा (पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने) दाखवला. सरासरी ८.५ टक्के धरली तर टॉपमधील पूर्ण कोरड्या लाकडाचे वजन सुमारे १९.८ किलो येते, आणि त्यावरून मागे मोजत गेले की टेबल तयार झाले त्या दिवशीचा ओलावा १३ टक्के होता असे निघते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड मुरून मुरून याच आकड्यावर स्थिरावते. ८० टक्क्यांना ते १६ पर्यंत चढते आणि ४० टक्क्यांना आठाच्या खाली उतरते. म्हणजे लाकूड ओले नव्हते. ते त्या दिवसांच्या हवेशी जुळलेले होते, आणि पुढे कोरड्या हवेशीही तसेच जुळायला निघाले होते. तिथे त्याला अडवले गेले.

कशाने अडवले हे समजण्यासाठी दोन पदार्थांची हालचाल शेजारी शेजारी ठेवावी लागते. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. इतर अनेक लाकडांच्या मानाने हे थोडे आहे आणि सागवानाची फर्निचरमधली प्रतिष्ठा बरीचशी त्यामुळेच आहे. नेहमीच्या वापराच्या टप्प्यात याचा हिशेब असा होतो, की ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी फळी खोडातून कोणत्या दिशेने कापली आहे त्याप्रमाणे ०.१० ते ०.१९ टक्क्यांनी बदलते. आपल्या टॉपचा ओलावा साडेचार टक्क्यांनी उतरला होता, म्हणजे ७६० मिमी रुंदीत ३.५ ते ६.४ मिमी आकसणे अपेक्षित होते. चौकटींपासून दूर, टॉपच्या मध्यावर रुंदी मोजली तेव्हा ती ७५५.५ मिमी भरली, म्हणजे ४.५ मिमी कमी. फळ्या मिश्र कापणीच्या होत्या, त्यामुळे हा आकडा मधोमध यावा हे साहजिकच आहे. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड इतके कमी हलते की १५०० मिमीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो.

लोखंडाला ओलावा म्हणजे काय हे ठाऊक नसते. ते फक्त तापमानाला दाद देते. एक मीटर लोखंड एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिमी वाढते. टेबलाच्या प्रत्येक चौकटीवर रुंदीच्या दिशेने वेल्ड केलेल्या १०० बाय ६ मिमीच्या पट्टीतून टॉपमध्ये चार स्क्रू गेले होते आणि त्यांतल्या दोन टोकांच्या स्क्रूंमधले अंतर ५६० मिमी होते. पंधरा अंशांचा फरक धरला तरी तेवढ्या पट्टीत ०.१ मिमीचा बदल होतो, तर त्याच दोन स्क्रूंमधले लाकूड ३.३ मिमीने आकसू पाहत होते. स्क्रू ५ मिमीचे आणि पट्टीतली भोकेही नेमकी ५ मिमीची होती. मीच ती तशी मागितली होती, कारण घट्ट बसणारे भोक म्हणजे चांगले काम अशी माझी समजूत होती.

काढलेले स्क्रू ओळीने मांडले तेव्हा हिशेब डोळ्यांनी दिसला. टोकांचे स्क्रू टेबलाच्या मध्याकडे वाकले होते आणि लाकडातल्या त्यांच्या भोकांची बाहेरची भिंत चिरडलेली होती. ३.३ मिमीपैकी काही हालचाल या वाकण्यात आणि चिरडण्यात जिरली. उरलेली लाकडानेच दिली. लाकूड रेषेच्या दिशेने जेवढा ताण सोसते त्याचा अगदी लहान हिस्साच ते रेषेच्या आडव्या दिशेने सोसते, आणि टोकाचे उघडे लाकूड तर मधल्या भागाच्या कितीतरी आधी कोरडे होते. म्हणून चीर टोकाला, पट्टीच्या सर्वात जवळ, दोन टोकांच्या स्क्रूंच्या मधे पडली. ती नेमकी चौथ्या-पाचव्या फळीच्या सांध्याजवळच का पडली, हा प्रश्न मात्र उरला होता.

त्याचे उत्तर चिरेच्या पृष्ठभागाने दिले. चीर पूर्ण उघडल्यावर तिच्या बहुतेक भागात दोन्ही अंगांना फाटलेले तंतू दिसले, म्हणजे तिथे सरस टिकला होता आणि लाकूड फाटले होते. पण टोकाकडच्या सुमारे ९० मिमी भागात सरसाचा गुळगुळीत, चकाकणारा थर एका फळीवर तसाच होता आणि समोरच्या फळीवर काहीच नव्हते. सागवानातले नैसर्गिक तेल रंधा मारल्यानंतर हळूहळू पृष्ठभागावर येते. त्या फळ्या मी आदल्या संध्याकाळी रंधून ठेवल्या होत्या आणि सरस दुसऱ्या दिवशी दुपारी लावला होता. पाच सांध्यांपैकी एकात, एकाच ठिकाणी सरसाची पकड कच्ची राहिली. ताण आला तेव्हा त्याने तीच जागा शोधली. हा दोष पूर्णपणे माझा होता, पण तो एकटा असता तर ही चीर पडली नसती असे मला वाटते, कारण मोकळ्या टॉपला त्या जागी ओढणारे काहीच नसते.

या सगळ्या तपासणीनंतर आम्ही मूळ आराखडा पुन्हा उघडला, आणि मला या प्रकरणातली सर्वात बोलकी गोष्ट तिथे दिसली. टॉपचा कागद माझा होता: फळ्यांची रुंदी, रेषांची दिशा, कडेची गोलाई, सगळे त्यात होते. सांगाड्याचा कागद सहकाऱ्यांचा होता आणि त्यात पाइपची मापे, कोपऱ्यांचे कोन, पट्टीची जागा होती. लाकूड लोखंडाला कसे धरणार हे मात्र दोन्ही कागदांवर नव्हते. माझ्या कागदावर टॉपच्या खालच्या रेषेपाशी काम संपत होते, त्यांच्या कागदावर पट्टीच्या वरच्या रेषेपाशी. सांधा कोणाच्याच वाट्याला आला नव्हता, म्हणून तो शेवटच्या दिवशी हाताशी असलेल्या स्क्रूंनी झाला. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी सांध्याचाच तिसरा कागद काढला आणि त्यावर दोघांनी मिळून काम केले.

टॉपच्या दुरुस्तीत चिरेत भराव घालण्याचा पर्याय मी लगेच सोडून दिला. कोरड्या दिवसांत भरलेली चीर दमट दिवसांत मिटू पाहते, भराव तिला मिटू देत नाही, आणि चिरेचे आतले टोक पुढे सरकते. त्याऐवजी टॉप त्या रेषेवर पूर्ण लांबीत उभा कापून दोन तुकडे केले. दोन्ही तुकडे खाली-वर पट्ट्या ठेवून हवेशीर जागी तीन आठवडे राहू दिले आणि दर दोन दिवसांनी त्यांचे वजन केले. एवढ्या टॉपमध्ये एक टक्का ओलावा म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. वजन सलग आठ दिवस स्थिर राहिले तेव्हाच पुढचे काम हाती घेतले. मीटर नसलेल्या सुताराला हा काटा पुरेसा आहे आणि मला तर तो मीटरपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो एका टोचलेल्या जागेऐवजी सगळ्या लाकडाबद्दल सांगतो. मग दोन्ही कडा रंधल्या, लगेच ॲसिटोनने पुसल्या, ते उडून जाताच इपॉक्सी लावले आणि क्लॅम्प बेताने आवळले, कारण इपॉक्सीला फार दाबले तर ते सांध्यातून सगळेच बाहेर येते. कापणी आणि रंध्यात सहा-सात मिलिमीटर गेले. टॉपची नवी रुंदी ७४९ मिमी झाली.

तिसऱ्या कागदावरच्या सांध्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: टॉप खाली-वर आणि लांबीच्या दिशेने धरलेला असावा, रुंदीच्या दिशेने मात्र मोकळा असावा, आणि ती मोकळीक मध्यापासून दोन्हीकडे सारखी वाटली जावी. त्यासाठी प्रत्येक पट्टीच्या बरोबर मध्यावर एक गोल भोक ठेवले, म्हणजे टॉपचा मध्य तिथे खिळलेला राहील, आणि बाकीची भोके रुंदीच्या दिशेने लांबट केली. लाकडात स्क्रूऐवजी आतून-बाहेरून आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवले आणि त्यांत ६ मिमीचे बोल्ट घेतले. बोल्ट वारंवार काढ-घाल करता येतो, आणि लाकडात आता लोखंड थेट शिरत नाही.

खाचेची लांबी किती असावी यावर आमची बरीच चर्चा झाली. वर्षभरात लाकडाचा ओलावा ७ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान फिरेल असे टोकाचे गृहीत धरले, आणि सर्व फळ्या जास्त हलणाऱ्या कापणीच्या मानल्या, तर मध्यापासून २८० मिमीवरच्या बोल्टला ४.७ मिमी सरकावे लागेल. म्हणून खाच ७ मिमी रुंद आणि १४ मिमी लांब ठरली, ज्यात ६ मिमीचा बोल्ट ८ मिमी फिरू शकतो. इथे एक गोष्ट सहज निसटते. आम्ही टॉप कोरड्या दिवसांत बसवत होतो, म्हणजे लाकूड त्याच्या सर्वात अरुंद मापाच्या जवळ होते आणि पुढे मुख्यतः फुगणार होते. बोल्ट खाचेच्या मध्यावर ठेवले असते तर बाहेरच्या बाजूला जागा अपुरी पडून तोच प्रकार उलट दिशेने झाला असता. म्हणून टोकाचे बोल्ट खाचेच्या आतल्या टोकापासून २ मिमीवर बसतील अशा बेताने इन्सर्टच्या जागा आखल्या, आणि बाहेरच्या बाजूला ६ मिमी मोकळे ठेवले.

६ मिमी जाडीच्या पट्टीत अशी खाच हाताने पाडणे हे संयमाचे काम आहे. एकमेकांना चिकटून दोन भोके पाडायला गेले की दुसऱ्या वेळी ड्रिलचे टोक पहिल्या भोकाकडे घसरते. सहकाऱ्यांनी दोन्ही मध्य पंचने ठोकून घेतले, आधी ४ मिमीची भोके पाडली, मग ती ७ मिमीपर्यंत वाढवली आणि मधला उरलेला टोकदार भाग कानशीने घासून काढला. खाचेच्या आतल्या भिंती त्यांनी बारीक कानशीने गुळगुळीत केल्या आणि कडांवर उरलेले धातूचे धारदार कंगोरे पूर्ण काढले. पहिली खाच दाखवताना ते म्हणाले, “हिच्यात बोल्ट अडला तर खाच असून नसल्यासारखी.” मी प्रत्येक खाचेत सुटा बोल्ट फिरवून पाहिला, एकीत तो अडत होता आणि ती त्यांनी पुन्हा घासली. बोल्टखाली रुंद वॉशर, त्याखाली नायलॉनचा पातळ वॉशर, आणि पट्टी व लाकूड यांच्यामध्येही नायलॉनचे पातळ तुकडे घातले. बोल्ट पूर्ण आवळून मग पाव वळसा सैल केले आणि ते आपोआप फिरू नयेत म्हणून आट्यांना मध्यम ताकदीचे लॉकिंग द्रव लावले.

डुलण्याचे कारणही याच चर्चेत सापडले. दोन चौकटींना जोडणारा पाइप एकच होता आणि तो वर, मधोमध होता. लांबीच्या दिशेने टेबल ताठ ठेवण्याचे काम नकळत घट्ट आवळलेला टॉपच करत होता. स्क्रू वाकून सैल झाले तसा सांगाडा डुलू लागला. टॉपला मोकळीक द्यायची तर सांगाडा स्वतःच्या बळावर ताठ असायला हवा, म्हणून एका पाइपच्या जागी ४०० मिमी अंतरावर दोन पाइप घेतले आणि त्यांच्या टोकांना तिकोनी पत्रे वेल्ड केले.

उरलेली दोन कामे छोटी होती, पण त्यांतली एक चूक फार सर्रास होते म्हणून ती नोंदवतो. स्क्रूभोवतीची काळी वर्तुळे लाकडातल्या टॅनिनसारख्या घटकांचा लोखंड आणि ओलाव्याशी संबंध आल्याने उमटतात; पूर्वीची लोहयुक्त काळी शाई याच क्रियेतून तयार होत असे. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने डाग फिके झाले. हे द्रावण विषारी असल्याने हातमोजे घालून वापरले आणि जागा नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू दिली. चूक आहे ती ग्राइंडरची. उघड्या लाकडाच्या जवळ लोखंड घासले तर दिसतही नाहीत असे लोखंडाचे कण लाकडावर बसतात, आणि पाण्याचा अंश असलेले पॉलिश लागताच तिथे काळे ठिपके फुटतात. सांगाड्याचे सगळे घासकाम आम्ही टॉपपासून दूर, बाहेर उरकले आणि पॉलिशच्या हातांमध्ये स्टील वूल वापरले नाही. चौकटीवरचे वेल्डिंगचे बारीक छेद बुजवले, तेलकटपणा थिनरने पुसला आणि प्राइमर व रंग चढवले.

टॉपच्या मध्याला आलेला उंचवटा पॉलिशशी निगडित होता. पहिल्या वेळी वरच्या बाजूला तीन हात दिले होते आणि खाली एकच, “खाली कोण पाहणार” म्हणून. खालची बाजू आधी कोरडी झाली, अधिक आकसली आणि टॉप वर उचलला गेला. आता वर, खाली, कडांना आणि विशेषतः टोकांच्या उघड्या लाकडाला सारखेच तीन हात दिले. टोकांना चौथाही दिला.

टेबल पुन्हा पाठवण्यापूर्वी सहकाऱ्यांनी प्रत्येक टोकाच्या बोल्टपाशी, टॉपच्या खालच्या अंगाला, पट्टीच्या खाचेतून पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवली. पुढच्या दमट दिवसांत आम्ही दोघे ते पाहायला गेलो. टॉपची रुंदी ७५४.५ मिमी झाली होती. चारपैकी दोन कोपऱ्यांत रेघ मध्यापासून बाहेर सुमारे २ मिमी सरकलेली होती. तिसऱ्या कोपऱ्यात ती जागची हलली नव्हती आणि त्याच्या समोरच्या बाजूला मात्र साडेतीन मिमी सरकली होती. तो बोल्ट सोडून पाहिला तर खाचेत रंगाचा गोळा सुकून बसला होता. सहकाऱ्यांनी तो खरवडून काढला, खाच मेणाने पुसली, बोल्ट परत बसवून पाव वळसा सैल केला आणि जुन्या रेघेशेजारी नवी रेघ ओढली.